राइट क्लिकच्या मेन्यूतला पर्याय गायब का होतो आणि तो कसा शोधायचा

तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून त्यांनी जुना संगणक काढून विंडोज ११ चा नवा घेतला. आता फाइलवर राइट क्लिक केलं की सेव्हन-झिपचा (फाइली दाबून झिप करणाऱ्या प्रोग्रामचा) पर्याय दिसत नाही. दाखल्यांच्या आणि सातबाराच्या पीडीएफ एकदम निवडून 'प्रिंट' द्यायची त्यांना सवय होती, तो पर्याय कधी दिसतो, कधी नाही. फॉर्मसाठी फोटोचा आकार कमी करायला त्यांनी पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या संचातला इमेज रिसायझर टाकला आहे. संगणकातल्या फोटोवर तो दिसतो, पण गिऱ्हाइकाचा फोन केबलने जोडला की त्यातल्या फोटोंवर दिसत नाही. दुकानदाराचं म्हणणं, 'सिस्टीम करप्ट झाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल.'

ताई, फॉरमॅट मारू नका. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यांतल्या एकातही काही बिघडलेलं नाही. फॉरमॅट मारून विंडोज ११ पुन्हा टाकलं, तर तिन्ही गोष्टी जशाच्या तशा परत येतील. वर प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिकचं यंत्र आणि डिजिटल सहीचा ड्रायव्हर पुन्हा बसवण्यात दिवस जाईल तो वेगळाच.

आधी हा मेन्यू तयार कसा होतो ते बघू. ते कळलं की निम्मी शोधाशोध वाचते. राइट क्लिकचा मेन्यू हा हॉटेलच्या भिंतीवर रंगवलेला दरफलक नव्हे. तो प्रत्येक क्लिकला नव्याने भरला जातो. विंडोज त्या क्षणी बघतं, की क्लिक कशावर झालं: फाइल, फोल्डर, ड्राइव्ह की रिकामी जागा. फाइल असेल तर तिचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी पीडीएफ, जेपीजी अशी अक्षरं) कोणतं, ते उघडण्यासाठी सध्या कोणता प्रोग्राम नेमलेला आहे, किती फाइली निवडल्या आहेत, शिफ्ट दाबलेली आहे का, लॉगिन कोणाचं आहे. या सगळ्यांची उत्तरं घेऊन ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, जातं आणि जुळतील तेवढे पर्याय गोळा करतं. पर्याय दिसला नाही, याचा अर्थ यांपैकी कुठल्यातरी प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं. ते कुठे आलं एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

त्यामुळे माझी पद्धत ठरलेली आहे. पर्याय कुठे दिसत नाही हे विचारण्याआधी मी तो कुठे दिसतो ते विचारतो. एका फाइलवर दिसतो पण वीस फाइलींवर नाही? डेस्कटॉपवर दिसतो पण पेनड्राइव्हवर नाही? एका लॉगिनला दिसतो, दुसऱ्याला नाही? दिसणं आणि न दिसणं यांतला फरक एका गोष्टीपर्यंत आणता आला, की कारण समोर येतं.

आता सेव्हन-झिप. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि त्यात राइट क्लिकचा मेन्यूच नवा केला गेला. कट, कॉपी, रिनेम, डिलीट ही चिन्हं एका ओळीत गेली आणि बाकीची यादी आखूड झाली. या नव्या यादीत तेच प्रोग्राम येतात, ज्यांनी आपला पर्याय मायक्रोसॉफ्टच्या नव्या पद्धतीने लिहिला आहे आणि ज्यांची विंडोजकडे पॅकेज म्हणून रीतसर ओळख नोंदलेली आहे. जुन्या पद्धतीने लिहिलेले सगळे पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे ढकलले गेले. सेव्हन-झिप जुन्या पद्धतीचं आहे, म्हणून ते तिथेच सापडतं. गिट बॅश आणि बऱ्याच छोट्या उपयोगी प्रोग्रामांचंही असंच होतं. विनरारने नव्या मेन्यूत जागा मिळवली आहे. सेव्हन-झिपच्याच गाभ्यावर बनवलेलं नॅनाझिप हवं असेल तर तेही थेट पहिल्या मेन्यूत येतं.

रोज दोन क्लिक कशाला करायचे? शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना लांब मेन्यू थेट उघडेल. फाइल निवडून शिफ्ट आणि एफ-१० दाबलं तरी चालतं. जुना मेन्यू कायमचा परत आणणारी रजिस्ट्रीची एक युक्ती फिरत असते. ती चालते, पण मी ती सहसा करून देत नाही. मायक्रोसॉफ्टने दिलेली ती अधिकृत सोय नव्हे. शिवाय एखादा प्रोग्राम फक्त नव्या मेन्यूसाठीच लिहिलेला असेल तर तोच दिसेनासा होऊ शकतो, आणि मग उलट दिशेने शोधाशोध सुरू होते.

इथे एक बारकावा आहे. 'शो मोअर ऑप्शन्स' दाबल्यावर उघडणारा मेन्यू आणि शिफ्टसह राइट क्लिक करून उघडणारा मेन्यू अगदी सारखे नसतात. काही पर्यायांना रजिस्ट्रीत 'एक्स्टेंडेड' अशी खूण असते, ते शिफ्ट दाबली असेल तरच येतात. 'कॉपी ॲज पाथ' विंडोज १० मध्ये असाच लपलेला होता. तेव्हा एखादा पर्याय शिफ्टने दिसतो आणि एरवी दिसत नाही, असं असेल तर तो हरवलेला नाही. त्याला मुद्दाम मागे ठेवलेलं आहे.

प्रिंटचं प्रकरण जास्त मजेदार आहे, कारण त्यात दोन कारणं एकमेकांत अडकतात. आधी एकाच पीडीएफवर राइट क्लिक करून बघा. शिफ्ट धरूनही प्रिंट दिसत नसेल, तर दोष पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रामकडे आहे. प्रिंट हा पर्याय विंडोजचा स्वतःचा नसतो. त्या एक्स्टेन्शनसाठी नेमलेला प्रोग्राम रजिस्ट्रीत सांगतो, की मला उघडता येतं, मला छापता येतं. नव्या संगणकावर पीडीएफ सहसा एजकडे किंवा क्रोमकडे गेलेली असते, आणि ब्राउझर बहुधा उघडण्यापुरतीच जबाबदारी घेतो. ॲक्रोबॅट रीडरसारखा पीडीएफचाच प्रोग्राम टाका, पीडीएफवर राइट क्लिक करून 'ओपन विथ'मधून 'चूज अनदर ॲप' घ्या, तो निवडा आणि 'ऑलवेज' दाबा. प्रिंट परत येईल.

एका फाइलवर प्रिंट आहे, दहांवर आहे, पण वीस निवडल्या की नाही? मग ही विंडोजची जुनी मर्यादा आहे. पंधरापेक्षा जास्त फाइली निवडल्या की विंडोज 'ओपन', 'एडिट' आणि 'प्रिंट' हे पर्याय मेन्यूतून काढून टाकतं, आणि काढल्याचा कसलाही संदेश देत नाही. ताई, तुमचं 'कधी दिसतं, कधी नाही' हे बहुधा इथलंच आहे. ज्या दिवशी बारा दाखले तयार असतात त्या दिवशी दिसतं, अठरा असले की नाही. मर्यादेमागचा हेतू बरा आहे. कोणी चुकून फोल्डरमधलं सगळं निवडून एंटर दाबलं, तर दोनशे खिडक्या उघडून संगणक आडवा होऊ नये. पण प्रिंटला तोच नियम लावल्यामुळे छपाईची कामं करणाऱ्यांची पंचाईत होते.

ही मर्यादा बदलता येते. रजिस्ट्री एडिटर उघडा, करंट यूजरच्या खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर असे क्रमाने आत जा. तिथे 'मल्टिपल इन्व्होक प्रॉम्प्ट मिनिमम' हे नाव इंग्रजीत, शब्दांमध्ये जागा न सोडता आणि प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवून, ३२ बिटांच्या डीवर्ड प्रकारात तयार करा. किंमत भरताना 'डेसिमल' निवडा आणि १६ लिहा. १६ म्हणजे सोळा फाइली असं नव्हे. मायक्रोसॉफ्टने त्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा ठेवला आहे. मग टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर'वर (फाइली आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्राम) राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' द्या, आणि तरीही फरक दिसला नाही तर एकदा लॉगआउट होऊन परत या.

पण मला विचाराल तर पन्नास दाखले अशा रीतीने छापू नका. एकदम पाठवलेल्या फाइली निवडलेल्या क्रमानेच कागदावर येतील याची खात्री नसते, आणि गठ्ठा हातात आल्यावर कोणाचा दाखला कोणता हे लावत बसावं लागतं. पीडीएफ जोडणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने त्यांची एकच फाइल करा आणि ती छापा. क्रमही राहतो, आणि मधे कागद अडकला तर कोणत्या पानापासून पुढे द्यायचं ते कळतं.

फोनच्या फोटोंचं उत्तर छोटं आहे. केबलने जोडलेला फोन एक्सप्लोररमध्ये फोल्डरसारखा दिसतो, पण तो ड्राइव्ह नव्हे. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं आणि आतल्या फोटोला संगणकावरचा खरा पत्ता नसतो. राइट क्लिकचे बहुतेक पर्याय 'हा पत्ता घे आणि काम कर' या धर्तीवर चालतात, पत्ताच नसेल तर ते येतच नाहीत. झिप फाइल न सोडवता तिच्या आत शिरून राइट क्लिक केलं तरी मेन्यू असाच आखडतो. फोटो आधी डेस्कटॉपवर कॉपी करा, मग आकार बदला.

ताईंचं काम इथे संपलं. मात्र हाच प्रश्न मला इतरांकडूनही येत असतो आणि तिथे कारणं जरा खोलवरची निघतात.

सगळ्यात चकवणारं कारण ऑफिसांमध्ये सापडतं. कर्मचाऱ्याचं लॉगिन साधं असतं. त्याला एखादा प्रोग्राम हवा असतो, संगणक सांभाळणारा माणूस येतो, विंडोजने पासवर्ड विचारला की स्वतःचा ॲडमिनचा पासवर्ड टाकतो, प्रोग्राम बसतो. तो गेल्यावर कर्मचारी राइट क्लिक करतो तर पर्याय नाही. कारण असं, की काही इन्स्टॉलर आपली नोंद 'सगळ्यांसाठी' न करता 'चालू वापरकर्त्यासाठी' करतात, आणि त्या क्षणी इन्स्टॉलरच्या दृष्टीने चालू वापरकर्ता तो ॲडमिन होता. नोंद त्याच्या खात्यात गेली. रजिस्ट्रीत 'क्लासेस रूट' म्हणून जी शाखा दिसते, ती प्रत्यक्षात दोन जागांची बेरीज असते: पूर्ण संगणकाच्या नोंदी आणि तुमच्या लॉगिनच्या नोंदी. दोन्हीकडे एकच नोंद असेल तर तुमची चालते. दुसऱ्याच्या खात्यातली नोंद मात्र तुम्हाला कधीच दिसणार नाही. म्हणून इन्स्टॉल करताना 'ऑल यूजर्स'चा पर्याय दिला असेल तर तो घ्या. व्हिज्युअल स्टुडिओ कोडची तर यूजरसाठीची आणि पूर्ण सिस्टीमसाठीची अशी दोन वेगळी इन्स्टॉलर मिळतात. त्यात 'ओपन विथ कोड' मेन्यूत घालायचे चौकोन सुरुवातीला रिकामे असतात. लोक 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातात आणि नंतर पर्याय शोधत बसतात.

दुसरं कारण ३२ आणि ६४ बिटांचं. मेन्यूतले पर्याय दोन जातींचे असतात. साध्या जातीत रजिस्ट्रीत नुसती एक ओळ असते: अमुक प्रोग्राम चालव आणि त्याला ही फाइल दे. हे कुठल्याही बिटांचं असलं तरी चालतं. दुसऱ्या जातीत प्रोग्रामची डीएलएल फाइल (स्वतंत्र न चालता दुसऱ्या प्रोग्रामच्या आत चालणारा तुकडा) थेट एक्सप्लोररच्या पोटात शिरते आणि आपला पर्याय स्वतः ठरवते. विंडोज ११ चा एक्सप्लोरर ६४ बिटांचा आहे, आणि त्याच्या आत ३२ बिटांची डीएलएल शिरूच शकत नाही. चूक दाखवणारी खिडकीही येत नाही. जुन्या स्कॅनरसोबत आलेले प्रोग्राम, वर्षानुवर्षं जपलेले फाँट बदलणारे प्रोग्राम यांच्या बाबतीत हे हमखास होतं. तपासायची सोपी रीत सांगतो. एखादा ३२ बिटांचा प्रोग्राम उघडा, त्यातून 'ओपन' द्या, आणि उघडलेल्या खिडकीतल्या फाइलवर राइट क्लिक करा. ती खिडकी त्या प्रोग्रामच्या आतच चालत असल्यामुळे तिथे ३२ बिटांचे पर्याय येतात. तिथे दिसला आणि एक्सप्लोररमध्ये नाही, तर निदान झालं. ६४ बिटांची आवृत्ती टाकणं हाच त्यावर उपाय. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप घेणाऱ्यांनी याच्या पुढची पायरी लक्षात ठेवावी. तिथला एक्सप्लोरर एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला असतो, म्हणून इंटेलसाठी बनवलेला प्रोग्राम व्यवस्थित चालला तरी त्याचा डीएलएलवाला पर्याय मेन्यूत येत नाही.

तिसरं कारण वर प्रिंटच्या निमित्ताने येऊन गेलं, पण त्याचा आवाका मोठा आहे. पुष्कळ पर्याय एक्स्टेन्शनला चिकटलेले नसतात, ते एक्स्टेन्शनसाठी नेमलेल्या प्रोग्रामच्या ओळखीला चिकटलेले असतात. तुम्ही जेपीजी उघडण्याचा प्रोग्राम बदललात की जुन्याच्या ओळखीवरचे पर्याय त्याच क्षणी मेन्यूतून जातात. रजिस्ट्रीत ते तसेच पडून असतात, फक्त त्यांच्याकडे कोणी बघत नाही. लोक म्हणतात, 'काही न करता गेला.' काहीतरी केलेलं असतं. एखाद्या नव्या प्रोग्रामने 'मला डिफॉल्ट करा' असं विचारलं आणि आपण हो म्हटलं. पडताळायचं असेल तर डिफॉल्ट घटकाभर जुन्या प्रोग्रामवर नेऊन बघा. पर्याय परतला तर दुसरं काही शोधू नका. स्वतः मेन्यूत पर्याय घालणाऱ्यांनी तो प्रोग्रामच्या ओळखीखाली न घालता 'सिस्टीम फाइल असोसिएशन्स'खाली त्या एक्स्टेन्शनच्या नावाने घालावा. मग डिफॉल्ट कितीही वेळा बदलला तरी तो टिकतो.

चौथं कारण आपणच केलेली साफसफाई. राइट क्लिक केल्यावर मेन्यू यायला वेळ लागतो म्हणून कोणीतरी शेल-एक्स-व्ह्यू किंवा ऑटोरन्स वापरून काही पर्याय बंद करतं, आणि काही महिन्यांनी ते विसरून जातं. हे दोन्ही प्रोग्राम उत्तम आहेत, मी स्वतः त्यांच्याशिवाय हे काम करत नाही. शेल-एक्स-व्ह्यू निरसॉफ्टचं, ऑटोरन्स मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्सचं. पर्याय सापडत नसेल तर पहिल्यांदा त्यांच्यातच बघा. शेल-एक्स-व्ह्यूमध्ये 'डिसेबल्ड'च्या रकान्यात 'येस' आहे का, ऑटोरन्सच्या एक्सप्लोररच्या पानावर खूण काढलेली आहे का. शेल-एक्स-व्ह्यू घेताना ६४ बिटांचं घ्या. नाहीतर ते ३२ बिटांची यादी दाखवेल आणि तुम्हाला वाटेल की नोंदच नाही. शिवाय ते फक्त डीएलएलवाले पर्याय दाखवतं. साध्या जातीच्या पर्यायांसाठी त्याच निरसॉफ्टचं शेल-मेन्यू-व्ह्यू लागतं. 'रजिस्ट्री साफ करून वेग वाढवा' असं सांगणाऱ्या फुकट प्रोग्रामांपासून मात्र दूर राहा. मला दिसलेल्या खरोखर मोडलेल्या मेन्यूंमध्ये त्यांचा हात बऱ्याचदा होता.

'न्यू'च्या आतली यादी वेगळ्याच जागेवरून येते. तिथे वर्ड किंवा एक्सेल दिसत नसेल तर ऑफिसचं 'क्विक रिपेअर' चालवा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. मात्र आधी तुम्ही कुठे उभे आहात ते बघा. सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या परवानगीने गेलात तर 'न्यू'मध्ये नुसतं 'फोल्डर' दिसतं, कारण तिथे फाइल लिहायची मुभाच नाही. 'सेंड टू'ची यादी तर एका साध्या फोल्डरची आहे. रनच्या खिडकीत 'शेल', मग अपूर्णविरामाचे दोन ठिपके आणि लगेच 'सेंडटू' हे इंग्रजीत सलग टाकलं की तो फोल्डर उघडतो. त्यात शॉर्टकट ठेवला की पर्याय आला, काढला की गेला. रजिस्ट्रीला हात न लावता स्वतःचा पर्याय बनवायची ही सगळ्यात निर्धोक जागा आहे आणि तिचा वापर फार कमी लोक करतात.

रजिस्ट्रीत काहीही बदलायचं झालं तर ज्या शाखेला हात लावणार तिच्यावर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट' द्या आणि ती फाइल तारीख घालून जपून ठेवा. बदल नकोसा वाटला आणि तुम्ही नवी नोंद घातली होती, तर आधी ती हाताने पुसा. जपलेल्या फाइलवर डबल क्लिक केल्याने जुन्या किमती परत येतात, पण नंतर घातलेल्या नोंदी त्याने पुसल्या जात नाहीत.

शेवटी, एखादा पर्याय नाही, तर अख्खा मेन्यूच येत नसेल, म्हणजे डेस्कटॉपवर आणि फाइलींवर राइट क्लिकला काहीच घडत नसेल, तर आधी माउस बदलून बघा आणि कीबोर्डवर शिफ्ट आणि एफ-१० दाबून बघा. तरीही काही नाही, आणि संगणक बँकेचा, शाळेचा किंवा सरकारी कार्यालयाचा असेल, तर तिथे ग्रुप पॉलिसीने, म्हणजे ॲडमिनने सगळ्या यंत्रांना लावलेल्या नियमाने, मेन्यू बंद केलेला असण्याचीच शक्यता जास्त. तशी सोय विंडोजमध्ये आहे आणि ती मुद्दाम वापरली जाते. अशा यंत्रावर रजिस्ट्रीत घुसून ती नोंद पुसलीत, तरी पॉलिसी पुन्हा लागू झाली की ती परत येते. तिथे ज्याच्याकडे ॲडमिनचं खातं आहे त्याला, कोणत्या कामासाठी कोणता पर्याय हवा आहे ते लेखी कळवा.